चिखलनिष्ठांची मतमतांतरे

नाशिक शहराला मतभेदांची परंपरा जुनी आहे. मिसळीचा रस्सा काळा असावा की लाल, गोदावरीचे मूळ ब्रह्मगिरीवर धरावे की कुशावर्तावर, आणि पुराचे पाणी दुतोंड्या मारुतीच्या कमरेला लागले की छातीला, या प्रश्नांवर येथील जाणत्यांनी पिढ्यान्‌पिढ्या आपापली बाजू लढवली असून एकाही प्रश्नाचा निकाल लागू दिलेला नाही. अशा या गावात, सातपूरच्या औद्योगिक वसाहतीतील महिंद्रा अँड महिंद्रा कंपनीच्या कारखान्यातून 2020 साली नवी ‘थार’ बाहेर पडू लागली, तेव्हा वादाला एक तयार विषय घरपोच मिळाला. रस्ता जिथे संपतो तिथून पुढेही जाता यावे अशा हेतूने बांधलेल्या वाहनाला शौकीन मंडळी ‘ऑफ-रोडर’ म्हणतात, आणि त्यातही ज्या गाडीत इंजिनाचा जोर मागच्या दोन चाकांबरोबर पुढच्या दोन चाकांनाही पोचवता येतो तिला ‘फोर बाय फोर’ म्हणतात. थार ही या दोन्ही व्याख्यांत बसणारी गाडी होय. तिचे नाव राजस्थानच्या वाळवंटाचे आणि जन्म गोदाकाठचा असून, नाशिककराला वाळू ठाऊक आहे ती पहाटे डंपरमधून बांधकामावर येऊन पडणारी, ही विसंगती अद्याप कोणी मनावर घेतलेली नाही.

‘शौकीन’ या संज्ञेची व्याप्ती येथे स्पष्ट करणे आवश्यक आहे, कारण शौकीन म्हणजे गाडीचा मालक असा समज झाल्यास पुढील सर्व विवेचन चुकीच्या दिशेने जाईल. प्रत्यक्ष मालक हा शौकिनांमधील अल्पसंख्य आणि तुलनेने अबोल वर्ग आहे, कारण त्याला हप्ते असतात. बहुसंख्येने आढळतात ते भावी मालक, म्हणजे 2020 पासून दर दसऱ्याला ‘या वेळी नक्की’ असे म्हणणारे, आणि त्यांच्याही पलीकडे असतो तो निखळ ज्ञानमार्गी, जो स्वतः स्कूटरवरून येतो, दुसऱ्याच्या थारखाली वाकून तिचा मागचा अ‍ॅक्सल पाहतो आणि ‘जुनीची मजा नाही’ असा अभिप्राय देऊन पुन्हा स्कूटरवरून जातो. मताची तीव्रता आणि मालकीचे अंतर यांचा संबंध समप्रमाणात असतो, हे एवढ्यावरून ध्यानात यावे.

ही ‘जुनी’ म्हणजे नेमकी कोणती, हा या शास्त्रातील पहिला वादग्रस्त मुद्दा आहे. दुसऱ्या महायुद्धासाठी अमेरिकेत घडवलेली विलीज जीप भारतात जोडण्याचे काम महिंद्रांनी 1947 साली हाती घेतले, आणि त्या वंशातून पुढे लष्कराच्या, पोलिसांच्या, तहसीलदारांच्या व काळी-पिवळी वाहतुकीच्या असंख्य जीपा निपजल्या, ज्यांत तालुक्याच्या गावाला जाताना पंधरा माणसे आत, दोन मागे लोंबकळत आणि एक कोंबडी चालकाच्या पायाशी अशी व्यवस्था असे. त्या प्रवासाची गोडी त्या वेळी कोणाच्याही लक्षात आली नव्हती. ‘थार’ हे नाव प्रथम 2010 साली आले, आणि त्या पहिल्या थारमध्ये मागे कमानपाट्यांचे, म्हणजे एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्यांचे स्प्रिंग, डोक्यावर कापडी टप, मागे समोरासमोर बसायची बाके आणि एअरबॅगचा संपूर्ण अभाव अशी सामग्री होती. टपाचे कापड ताशी ऐंशीच्या पुढे फडफडत असे, पावसात पाणी आत येत असे, आणि ठणठणीत माणूसही मुंबईहून कसारा घाट चढून आल्यावर कमरेवर हात ठेवून उतरत असे. शौकिनांनी या प्रत्येक गोष्टीविषयी सुमारे दहा वर्षे तक्रार केली. आणि कंपनीने त्या तक्रारी ऐकल्या, ही खरी शोकांतिका होय.

15 ऑगस्ट 2020 रोजी दाखवलेल्या आणि 2 ऑक्टोबरला बाजारात आलेल्या नव्या थारला पक्के छप्पर मिळत होते, मागे कमानपाट्या जाऊन कॉइल स्प्रिंग आले होते, स्वयंचलित गिअरची सोय होती, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ग्लोबल एनकॅप या संस्थेच्या अपघात-चाचणीत तिने पाचपैकी चार तारे मिळवले. आडव्या बाकांचे स्वस्त रूप कंपनीने लवकरच बंद केले, कारण आडवे बसलेल्या माणसाला अपघातात पट्टा फारसा वाचवू शकत नाही. यावर ज्या मंडळींनी जुन्या थारला ‘शवपेटी’ म्हटले होते, त्यांनीच नवीला ‘सोफा’ म्हणण्यास आरंभ केला. दणकटपणा या गुणाचे पृथक्करण केले असता त्यात पोलाद सुमारे निम्मे आणि गैरसोय निम्मी निघते; त्यातील गैरसोय काढून टाकली की उरलेल्या पोलादावर शौकिनाचा विश्वास बसत नाही. गैरसोय त्याला हवी असते, फक्त ती दुसऱ्या कोणीतरी आणि शक्यतो मागच्या पिढीत भोगलेली असावी.

तथापि नव्या थारमधून गैरसोय समूळ गेली असे म्हणणे सत्याला धरून होणार नाही, आणि त्याचा पुरावा श्रावणातल्या कोणत्याही सोमवारी त्र्यंबकेश्वरच्या वाहनतळावर मिळतो. तीन दारांच्या थारला बाजूची दारे दोनच. तिसरे दार मागचे, सामानाचे. मागच्या आसनावर जाण्यासाठी चालकाच्या डावीकडचे आसन पुढे पाडून त्या फटीतून शिरावे लागते. घरातील आजी प्रथम गाडीकडे, मग नातवाकडे पाहतात, नऊवारीचा काष्टा एकदा चाचपतात, पायरीवर उजवा पाय ठेवतात, आणि मग लक्षात येते की तो डावा असायला हवा होता. सून खालून आधार देते, नातू वरून हात धरतो, जावई ‘आई, डोकं सांभाळा’ असे डोके आपटल्यानंतर म्हणतो. आत पोचल्यावर आजी खिडकीची काच खाली करायला सांगतात, तेव्हा ती काच उघडत नाही असे कळते. ‘एवढे पैसे दिले आणि दार नाही?’ हा त्यांचा अभिप्राय अभियांत्रिकीच्या दृष्टीने अत्यंत नेमका असूनही शौकिनांच्या चर्चेत त्याची नोंद घेतली जात नाही, कारण आजींना ‘डिपार्चर अँगल’ म्हणजे काय हे माहीत नसते.

हे कोन-प्रकरण थोडक्यात समजून घ्यावे लागेल, कारण शौकिनांच्या वादातील सर्व शपथा त्यावरच घेतल्या जातात. गाडीचे पुढचे नाक जमिनीला न घासता किती उभ्या चढाला भिडू शकते त्याला ‘अप्रोच अँगल’ म्हणतात, व तो थारमध्ये 41.8 अंश आहे. उतरून पुढे जाताना शेपूट न घासण्याचा तो ‘डिपार्चर अँगल’, 36.8 अंश, आणि मधले पोट उंचवट्यावर न टेकण्याचा ‘रॅम्प-ओव्हर’, 27 अंश. पोटाखालची मोकळी उंची 226 मिलिमीटर असून गाडी 650 मिलिमीटर खोल पाण्यातून जाऊ शकते असे कंपनी सांगते. हे आकडे भाविकाने विष्णुसहस्रनाम म्हणावे तसे खंड न पडता म्हणता येणे ही शौकीनपदाची प्रवेशपरीक्षा आहे. त्यांचा व्यावहारिक उपयोग कॉलेज रोडवरच्या गतिरोधकांवर होतो, जे अनधिकृत असले तरी कोनांच्या बाबतीत कोणत्याही डोंगराला हार जात नाहीत, आणि पावसाळ्यात खड्ड्यांवर होतो, जे अधिकृत असावेत असे त्यांच्या टिकाऊपणावरून वाटते. पाण्याच्या आकड्याचा उपयोग मात्र अद्याप सैद्धान्तिक पातळीवरच आहे; गंगापूर धरणातून विसर्ग सुरू झाला की गोदाघाटावर गर्दी करणाऱ्यांत शौकीनही असतात, आणि 650 मिलिमीटर म्हणजे दुतोंड्या मारुतीच्या नेमके कुठपर्यंत यावर ते काठावर उभे राहून गांभीर्याने चर्चा करतात. गाडी त्या वेळी त्यांनी सुरक्षित उंचीवर लावलेली असते.

पंथात पहिली मोठी फूट जानेवारी 2023 मध्ये पडली. त्या महिन्यात कंपनीने थारचे असे रूप आणले की ज्यात इंजिनाचा जोर केवळ मागच्या चाकांना मिळत होता, आणि डिझेल इंजिन 2.2 लिटरचे काढून 1.5 लिटरचे बसवले होते. यामागचे कारण अभियंत्याच्या नव्हे, तर करसल्लागाराच्या टेबलावर सापडते: चार मीटरहून कमी लांबी आणि 1500 घन सेंटिमीटरपर्यंतचे डिझेल इंजिन अशा दोन्ही अटी पाळणाऱ्या गाडीवर कर पुष्कळच कमी बसत असे. लांबी 3985 मिलिमीटर होतीच. इंजिन लहान केले आणि 9 लाख 99 हजारांपासून थार मिळू लागली. सनातनी गटाने याला धर्मबुडवेपणा ठरवले. बाहेरून पाहता दोन्ही गाड्या जवळजवळ सारख्याच दिसत असल्याने आतील लहान तरफ, म्हणजे दोन चाकांवरून चार चाकांवर जाण्याचा दुसरा दांडा, आहे की नाही हे काचेला नाक लावून तपासण्याची पद्धत वाहनतळांवर रूढ झाली. आणि दांडा नसलेल्या गाडीच्या मालकाला मिसळ खाताना ‘टू व्हील का?’ असा प्रश्न ज्या स्वरात विचारला जाऊ लागला, तो स्वर पूर्वी फक्त ‘अजून लग्न नाही का?’ या प्रश्नासाठी राखून ठेवलेला होता. यातील गंमत अशी की दांडा असलेल्या अनेक गाड्यांत तो दांडा नव्यासारखा ताठ राहतो. तो हलवणे जमत नाही असे नाही. प्रसंगच येत नाही. ‘फोर एल’ या खुणेवर, म्हणजे चारही चाकांना अतिशय मंद गतीने अतिशय जास्त जोर देणाऱ्या स्थितीत, तो एकदा तरी जावा म्हणून काही सज्जन मालक महिन्यातून एकदा सोसायटीच्या आवारातच गाडी दहा फूट पुढे आणि दहा फूट मागे घेतात, व वॉचमन ते आदराने पाहतो.

शेजारधर्मांशी असलेले वाद येथे विस्ताराने घेण्याचे कारण नाही. पुण्याच्या फोर्स मोटर्सच्या ‘गुरखा’त पुढचे आणि मागचे दोन्ही डिफरन्शियल कुलूपबंद करता येतात, म्हणजे एक चाक हवेत लटकले तरी जमिनीवरच्या चाकाचा जोर जात नाही, हे खरे असूनही ती गाडी पुण्याची आहे, एवढ्यावर नाशिकमध्ये चर्चा थांबते. मारुतीची ‘जिमनी’ 2023 मध्ये आली, ती वजनाने हलकी आणि चिखलात खरोखरच हुशार निघाली. परंतु ती पाहून कोणी रस्ता सोडत नाही हा तिच्यावरचा आक्षेप आजही अनुत्तरित आहे.

याउलट 15 ऑगस्ट 2024 रोजी आलेल्या ‘थार रॉक्स’चा विचार सावकाशीने करणे भाग आहे. पाच दारे, लांब चाकांतर, छपराला जवळजवळ पूर्ण काच, थंड हवा सोडणारी आसने, उत्तम ध्वनियंत्रणा आणि 12 लाख 99 हजारांपासून किंमत अशी ही गाडी होती. तिच्या नोंदणीला 3 ऑक्टोबरला सुरुवात झाली तेव्हा पहिल्या तासातच 1,76,218 जणांनी नाव घातले. आजींची दाराची मागणी पूर्ण झाली. नोव्हेंबरमध्ये भारत एनकॅपच्या चाचणीत पाच तारेही मिळाले. मते देण्यास जागाच उरली नाही अशी भीती क्षणभर निर्माण झाली, पण कंपनीने आसने पांढरी ठेवून शौकिनांची लाज राखली.

पांढरी म्हणजे कोठे एखादी शिवण पांढरी असे नव्हे. आसने, दारांच्या आतली बाजू, हात टेकण्याची जागा, सर्व हस्तिदंती. ज्या घराण्याच्या तीनदारी गाडीत जमीन पाण्याने धुता यावी आणि ते पाणी निघून जावे म्हणून तळाला बुचे दिलेली आहेत, त्याच घराण्यातील थोरल्या भावंडाला लग्नाच्या हॉलचा रंग द्यावा, हे सर्व पंथांना एकाच वेळी असह्य झाले, आणि तीनदारीवाले, पाचदारीवाले, दांडेवाले व दांडाविहीन असे सगळे प्रथमच एका मुद्द्यावर एकत्र आले. नाशिकच्या मातीचा हिशेब त्यामागे होता. इगतपुरी-त्र्यंबक पट्ट्यातली लाल माती कपड्यावर बसली की धोब्याच्या हयातीत निघत नाही, आणि निफाड-दिंडोरीकडची काळी माती ओली झाली की बुटाला अशी बिलगते की माणूस प्रत्येक पावलाला इंचभर उंच होत जातो. या दोन्ही मातींतून आलेला मनुष्य पांढऱ्या आसनावर बसणार कसा? लवकरच कंपनीने चारचाकी जोराच्या रूपांत गडद तपकिरी आसनांचा पर्याय दिला. तेव्हा असे आढळले की पांढरी आसने घेऊन बसलेल्या पुष्कळांना ती मनातून आवडतच होती. त्यांनी त्यांवर जाड प्लॅस्टिकचे आच्छादन चढवले आणि चिखलाची चर्चा बूट काढून केली.

चिखलाविषयीची खरी निष्ठा रविवारी संध्याकाळी गंगापूर रोडच्या वॉशिंग सेंटरवर तपासता येते. पहिने किंवा अंजनेरीच्या बाजूला जाऊन आलेली थार येथे थेट धुवायला दिली जात नाही, कारण तो चिखल कमावलेला असतो आणि सोमवारी कार्यालयाच्या वाहनतळावर तो दिसणे अगत्याचे असते. पाण्याची नळी घेतलेल्या पोऱ्याला मालक सूचना देतो: काचा स्वच्छ, आरसे स्वच्छ, आतून व्हॅक्यूम, पण बाजूच्या पत्र्यावरचे शिंतोडे राहू देत, विशेषतः डाव्या बाजूचे, कारण गेटमधून शिरताना तीच बाजू दिसते. पोऱ्या हे निर्विकारपणे ऐकतो आणि पैसे पूर्ण गाडीचे घेतो. त्याचे मत कोणी विचारलेले नाही.

सजावटीच्या भानगडी कायद्याने बऱ्याच आटोपल्या आहेत. पुढे लावायच्या लोखंडी ‘बुल बार’वर केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर 2017 मध्ये बंदी घातली, कारण तो धक्का गाडीऐवजी पादचाऱ्याच्या अंगात उतरवतो, आणि उत्पादकाने ठरवलेल्या मूळ रचनेत मालकाला फेरफार करता येणार नाहीत असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये स्पष्ट केले. तेव्हापासून रुंद टायर हा आरटीओ आणि शौकीन यांच्यातील संवादाचा मुख्य विषय आहे, आणि या संवादात कोनांचे आकडे कामास येत नाहीत.

मतांची धार बोथट करणारी जागा जिल्ह्यात एकच असून ती इगतपुरीला आहे. तेथे महिंद्रांची ऑफ-रोड प्रशिक्षण अकादमी चालते, आणि मुद्दाम खोदलेले चर, कलती उतरण, चिखलाची कुंडे यांतून गाडी कशी न्यावी हे शिकवले जाते. शौकीन येथे येतो तो आयुष्यभराच्या सिद्धान्तांसह, आणि पहिल्याच उतारावर त्याला सांगण्यात येते की ब्रेक आणि अ‍ॅक्सिलरेटर दोन्हींवरून पाय काढा, गाडी तिची ती उतरेल. पाय काही निघत नाही. चिखलात तर त्याहून वाईट शिकवण असते: जोर कमी करा, टायरमधली हवा कमी करा, घाई कमी करा. म्हणजे एकशे पन्नास अश्वशक्तीच्या पेट्रोल इंजिनावर ज्याने दोन वर्षे व्याख्याने दिली, त्याला कळते की चिखलाला अश्वशक्ती आवडत नाही. चाक जितके जोरात फिरते तितके ते स्वतःसाठी खड्डा खणते. तेथून परतलेले लोक काही दिवस शांत असतात. हा परिणाम साधारणतः घोटीच्या टोलनाक्यापर्यंत टिकतो.

या सगळ्या चर्चेत ज्या वाहनाविषयी कोणालाच मत नाही त्याचाही उल्लेख शास्त्रीय पूर्णतेसाठी केला पाहिजे. पेठ, सुरगाणा आणि हरसूलच्या बाजूला पावसाळ्यात रस्ता वाहून गेल्यावर, किंवा दिंडोरीच्या शिवारातून टोमॅटोचे क्रेट पिंपळगाव बसवंतच्या बाजारात लिलावाआधी पोचवायचे असताना, जे वाहन चिखलातून निघते ते बोलेरो पिकअप असते. त्यात चार चाकांचा जोर बहुधा नसतो, टायर गुळगुळीत असतात, आणि कोनांविषयी चालकाला विचारले असता तो कोणता कोन म्हणून मागे वळून क्रेट सरकले की काय ते पाहतो. अडकलेल्या थारला दोर लावून बाहेर काढण्याचे कामही बऱ्याचदा याच मंडळींकडे, नाहीतर जवळच्या ट्रॅक्टरकडे येते, आणि त्या वेळी शौकीन त्यांना पैसे देऊ करून वर ‘नाहीतर निघालीच असती’ असेही सांगतो. ट्रॅक्टरवाला मान डोलावतो, पैसे घेतो, व दोर गुंडाळतो.

ऑक्टोबर 2025 मध्ये कंपनीने तीनदारी थारमध्ये पुन्हा काही सुधारणा केल्या. त्यांतील सर्वांत महत्त्वाची अशी की काचा वरखाली करण्याची बटणे, जी 2020 पासून दोन आसनांच्या मधोमध होती, ती दारांवर गेली. ही मधली बटणे पाच वर्षे सर्वांच्या शिव्यांचा विषय होती: टोलनाक्यावर पैसे देताना प्रत्येकाचा हात प्रथम दाराकडे जाई, तेथे काहीच सापडत नसे, मग मध्ये चाचपणी होई, मग चुकून पलीकडची काच खाली जाई आणि मागचा ट्रकवाला हॉर्न वाजवी. दारे काढून गाडी चालवायची वेळ आली तर बटणे दाराबरोबर जाऊ नयेत म्हणून ती मध्ये ठेवली आहेत, असे समर्थन त्या काळी फारच थोडे जण देत असत, आणि दारे काढलेली थार कोणी पाहिली आहे काय, असे विचारल्यावर तेही गप्प बसत. आता बटणे योग्य जागी आल्यापासून या समर्थकांची संख्या झपाट्याने वाढते आहे. दारावरची बटणे काय, कोणत्याही गाडीला असतात. खरी थार ती मधल्या बटणांची, असे मत सातपूर ते गंगापूर रोड या पट्ट्यात ऐकू येऊ लागले असून, तशी एखादी कमी चाललेली, एका हातातली, शक्यतो दांडेवाली कोणी विकत असल्यास कळवावे, अशी विचारणाही सुरू झाली आहे.